मृत लोहमार्ग आणि हिरव्या वाटा

राष्ट्राचा इतिहास लिहितांना राजे, लढाया व तहनामे यांना जें स्थान मिळतें त्याच्या शतांशही स्थान वाटांना मिळत नाहीं. वास्तविक लढायांचे निकाल एकदोन पिढ्यांत पुसले जातात, तहनामे सह्यांची शाई वाळते न वाळते तोंच मोडतात. परंतु माणसाच्या पायांनीं एकदां पडलेली वाट शतकानुशतकें टिकून राहते. तिच्यावरून जाणारा बदलतो, त्याच्या पाठीवरचें ओझें बदलतें, जाण्याचें प्रयोजन बदलतें. वाट मात्र आपल्या जागीं असते. भूमध्य समुद्राच्या कांठचे देश हे अशा जुन्या वाटांचे देश आहेत. रोमन सेनापतींनीं सैन्य लवकर हलवितां यावें म्हणून जे रस्ते बांधले, त्यांवरून पुढें व्यापारी गेले, यात्रेकरू गेले, आणि पश्चिमेकडील रोमन साम्राज्य लयास जाऊन दीड हजार वर्षें लोटल्यावरही कित्येक ठिकाणीं आजचा डांबरी रस्ता त्याच ओळीनें जातांना दिसतो.

या देशांपैकीं स्पेनमध्यें गेल्या तीसबत्तीस वर्षांत एका निराळ्याच प्रकारच्या वाटा निर्माण झाल्या आहेत. त्यांना स्पॅनिश भाषेंत ‘व्हिया व्हेर्दे’, म्हणजे हिरवी वाट, असें म्हणतात. या वाटांवर मोटारीला मज्जाव आहे. पायीं चालणारा, सायकलवरून प्रवास करणारा, चाकांच्या खुर्चींत बसलेला अपंग, क्वचित् एखादा घोडेस्वार, एवढ्यांचाच तेथें अधिकार. अशा वाटांची एकूण लांबी आज तीन हजार किलोमीटरांहून अधिक भरते. दुतर्फा ऑलिव्हचे मळे, बदामाचीं झाडें, द्राक्षांचे वेल, चुन्यानें पांढरीं केलेलीं गांवें आणि मध्येंच एखाद्या बोगद्याचा थंडगार अंधार, अशा मार्गानें सायकलस्वार दिवसचे दिवस निर्वेध जाऊं शकतो. पाठीमागून भोंग्याचा कर्कश आवाज नाहीं, धूर नाहीं, जिवाची धास्ती नाहीं. युरोपांतून सहस्रावधि प्रवासी या सुखासाठीं तेथें येतात आणि जातांना तेथील निसर्गाची स्तुति करितात.

परंतु ही शांतता निसर्गानें दिलेली नाहीं. सायकलस्वाराच्या चाकाखालची ती सपाट पट्टी कोणी तरी डोंगर फोडून केलेली आहे, आणि ज्यानें केली त्याच्या मनांत सायकलस्वार स्वप्नांतही नव्हता. या वाटा म्हणजे बंद पडलेले किंवा कधींच पुरे न झालेले लोहमार्ग होत. प्रत्येक हिरव्या वाटेखालीं एक फसलेला बेत, एक बुडालेली कंपनी, किंवा एक मोडलेलें वचन पुरलेलें आहे. तो भूतकाळ सांगावा, आणि ज्यांच्या नुकसानीवर ही शांतता उभी आहे त्यांचें आजचें म्हणणें काय आहे तेंही पाहावें, एवढाच या लेखाचा हेतु आहे.

लोहमार्गांकडे वळण्यापूर्वीं स्पेनमधील याहून जुन्या एका सार्वजनिक वाटेची हकीकत सांगणें अवश्य आहे. कारण वाटेचें प्रयोजन संपल्यावर त्या वाटेचें काय होतें, हा प्रश्न त्या देशापुढें प्रथम आगगाडीनें उभा केला नाहीं, तो मेंढ्यांनीं उभा केला. स्पेनच्या पठारावर उन्हाळा इतका कोरडा कीं दक्षिणेंतील कुरणें करपून जातात, आणि हिवाळा इतका कडक कीं उत्तरेंतील डोंगर बर्फाखालीं जातात. त्यामुळें धनगरांना वर्षांतून दोनदां आपले कळप शेंकडों किलोमीटर हांकावे लागत. दहाव्या आल्फोन्सो राजानें १२७३ सालीं ‘मेस्ता’ नांवाच्या मेंढपाळसंघास सनद दिली आणि कळपांच्या वाटांना राजाश्रय लाभला. त्यांतील प्रमुख वाटांची रुंदी नव्वद ‘वारा’, म्हणजे सुमारें पंचाहत्तर मीटर असे, आणि त्या पट्ट्यांत नांगर घालण्यास शेतकऱ्याला बंदी होती. मेरिनो लोकरीवर राज्याचा मोठा महसूल चाले. म्हणून राजेही या वाटांना जपत. १८३६ सालीं मेस्ता बरखास्त झाली, आणि पुढें लोहमार्ग आल्यावर कळप पायीं नेण्याचें कारणही उरलें नाहीं. तेव्हां बांधालगतच्या शेतकऱ्यानें दरसाल एकेक तास पुढें नांगरीत त्या वाटा गिळण्यास आरंभ केला. आमच्या इकडे गायरानाची व गाडीवाटेची जी गत होते तीच. अखेर १९९५ सालीं कायदा करून या वाटा सार्वजनिक मालमत्ता म्हणून पुन्हां संरक्षिल्या गेल्या. परंतु तोंपर्यंत कित्येक वाटा नकाशावर तेवढ्या उरल्या होत्या. धनी गेलेली वाट फार दिवस वाट राहत नाहीं, हा धडा त्यांतून मिळाला.

आतां लोहमार्गांकडे वळूं. स्पेनच्या मुख्य भूमीवरील पहिला लोहमार्ग बार्सेलोनापासून मातारोपर्यंत १८४८ सालीं सुरू झाला. १८५५ च्या कायद्यानें परकी भांडवलास दार उघडलें, आणि विशेषतः फ्रेंच पेढ्यांच्या पैशानें देशभर रूळ पसरूं लागले. स्पेन हा युरोपांतील अत्यंत डोंगराळ देशांपैकीं एक. बैलगाडी किंवा खेंचर अवघड चढ चढूं शकतें. परंतु लोखंडी चाक लोखंडी रुळावर फिरत असल्यामुळें त्याला पकड थोडी, आणि शंभर हात अंतरास दोन हातांहून अधिक चढ आला कीं वाफेच्या एंजिनाची दमछाक होऊं लागते. म्हणून लोहमार्ग बांधणाऱ्यास डोंगराला वळसा घालावा लागे, दरीवर पूल टाकावा लागे, कड्याला बोगदा पाडावा लागे. वळणही एकदम घेऊन चालत नसे. तें दूरवरून, हळूहळू घ्यावें लागे. डोंगराळ मुलखांतून जाणारी, पण डोंगराचा चढ न जाणवूं देणारी अशी ही रेषा एंजिनाच्या अशक्तपणामुळें जन्मास आली; आणि एंजिनाचा जो अशक्तपणा तोच सायकलस्वाराच्या पायांचाही असल्यामुळें, एकासाठीं आंखलेली रेषा शंभर वर्षांनीं दुसऱ्यास तंतोतंत जुळली. साधा प्रकृतीचा मनुष्य, मुलांबाळांसह, ज्या डोंगरांतून आज सायकल हांकतो तेथील डांबरी रस्त्यावर तो कदाचित् पांच किलोमीटरही टिकला नसता.

या वाटांपैकीं जिचें नांवच आपल्या मालाची आठवण देतें ती तेलाची वाट प्रथम घेऊं. आंदालुसियांत हाएन नांवाचा प्रांत आहे. तेथें ऑलिव्हचीं झाडें सहा कोटींहून अधिक आहेत, आणि टेकडीवरून पाहिलें असतां क्षितिजापर्यंत ओळींमागून ओळी अशा कीं जणूं एखाद्या वहीचें आंखलेलें पान. या तेलाची महती जुनी आहे. ‘दोन किहोते’चा कर्ता सर्व्हान्तेस यास १५८७ सालापासून आरमारासाठीं गहूं व तेल गोळा करण्याची सरकारी चाकरी आंदालुसियांत करावी लागली, गांवोगांव जाऊन शेतकऱ्यांच्या कोठारांतून माल उचलावयाचा, पैसे मात्र सरकार देईल तेव्हां, अशी ती अप्रिय नोकरी. त्याच पायीं १५९२ सालीं कास्त्रो देल रिओ या गांवीं त्याला तुरुंगही पाहावा लागला. त्या गांवाच्या दक्षिणेस थोड्याच अंतरावरून पुढें ‘तेलाची आगगाडी’ गेली. लिनारेस येथील शिशाच्या खाणी एका टोंकास आणि मालागा बंदराकडे जाणाऱ्या मुख्य मार्गावरील पुएन्ते हेनिल हें जंक्शन दुसऱ्या टोंकास, यांना जोडणारा हा मार्ग आंदालुसियाच्या रेल्वे कंपनीनें टप्प्याटप्प्यानें बांधला आणि तो १८९३ च्या सुमारास पुरा झाला. मार्तोस, अल्काउदेते, दोन्या मेन्सिया, काब्रा, लुसेना हीं तेलाचीं व द्राक्षांचीं गांवें या गाडीनें जगाशीं जोडलीं. ‘पेपिता हिमेनेस’ या कादंबरीचा कर्ता हुआन व्हालेरा हा काब्राचाच. मात्र त्यानें १८७४ सालीं जें संथ ग्रामजीवन रंगविलें तें गाडी येण्यापूर्वींचें.

पुढें विसाव्या शतकाच्या मध्यास मोटारठेल्यानें तेलाचीं पिपें थेट गिरणीच्या दारांतून उचलण्यास सुरुवात केली. स्टेशनपर्यंत माल नेणें, तेथें चढविणें, जंक्शनावर पुन्हां उतरविणें हा खटाटोप कोण करणार? एकेक करून गिऱ्हाइकें गेलीं, रूळ जुने झाले, गाड्यांचा वेग बैलगाडीशीं स्पर्धा करूं लागला, आणि वेग कमी म्हणून उतारू कमी, उतारू कमी म्हणून दुरुस्ती नाहीं, असें दुष्टचक्र सुरू झालें. आज हाएनपासून पुएन्ते हेनिलपर्यंत सुमारें एकशें अठ्ठावीस किलोमीटर लांबीची अखंड हिरवी वाट या मार्गावर आहे. ग्वादाहोस नदीवरील दोनशें मीटरांहून लांब असा लोखंडी पूल अजून तसाच उभा आहे. त्यावरून पूर्वीं तेलाच्या वाघिणी जात, आतां सायकली जातात.

दुसरी कथा लोखंडाची, आणि तिच्यांत हट्टाचा भाग अधिक आहे. तेरुएल प्रांतांत ओहोस नेग्रोस नांवाचें गांव आहे. या नांवाचा अर्थ ‘काळे डोळे’. तेथील डोंगरांत लोहधातु विपुल. रामोन दे ला सोता या बास्क उद्योगपतीनें आपल्या भागीदारासह १९०० सालीं सिएर्रा मेनेराची खाणकंपनी स्थापन केली. माल समुद्रापर्यंत नेण्यास बेल्जियन भांडवलाचा एक लोहमार्ग शेजारीं तयारच होता. परंतु भाड्याच्या दरावर दोहों कंपन्यांचें एकमत होईना. तेव्हां सोता यानें स्वतःचा लोहमार्गच बांधावयास काढला! खाणीपासून सागुन्तोच्या किनाऱ्यापर्यंत, एक मीटर रुंदीचा, दोनशें किलोमीटरांहून लांब, असा हा मार्ग १९०७ सालीं सुरू झाला. मैलोन्मैल दोन लोहमार्ग एकमेकांच्या शेजारून, एकाच दरींतून, एकाच घाटांतून जात आहेत. एकावर उतारू, दुसऱ्यावर नुसती लोहमाती. भाऊबंदकींत दोन भावांनीं एकाच विहिरीशेजारीं दुसरी विहीर खणावी, त्यांतला हा प्रकार.

ज्या सागुन्तोस ही माती उतरे तें प्राचीन इतिहासांतील प्रसिद्ध स्थळ. इ. स. पूर्वीं २१९ सालीं हॅनिबॉलनें याच शहरास वेढा दिला आणि त्यांतून रोम व कार्थेज यांचें दुसरें महायुद्ध पेटलें. त्या किल्ल्याच्या पायथ्याच्या किनाऱ्यावर सोताच्या कंपनीनें बंदर बांधलें, पुढें पोलादाच्या भट्ट्या उभारल्या, आणि त्यांच्याभोंवतीं कामकऱ्यांचें एक नवें गांवच वसलें. पण तीनचार पिढ्यांतच चक्र उलट फिरलें. १९७२ सालीं खाणीचा खाजगी लोहमार्ग बंद झाला आणि गंमत अशी कीं त्यानंतर तीच माती त्या शेजारच्या, एकेकाळीं नाकारलेल्या मार्गावरून जाऊं लागली. १९८४ सालीं कामकऱ्यांच्या तीव्र विरोधास न जुमानतां सागुन्तोच्या भट्ट्या थंड करण्यांत आल्या; त्याच दशकांत खाणीही थांबल्या. एक भट्टी तेवढी स्मारक म्हणून राखली आहे. हजार मीटरांहून उंच पठारावरून समुद्रसपाटीपर्यंत उतरत येणारी ही खाणवाट आज सुमारें एकशें साठ किलोमीटर लांबीची असून स्पेनमधील अत्यंत लांब हिरव्या वाटांत तिची गणना होते. शेजारच्या मार्गावरून अजूनही तेरुएलकडे गाडी जाते, आणि सायकलस्वाराला ती मधूनमधून दिसते.

तिसरी वाट युद्धाची साक्षीदार आहे. एब्रो नदीच्या खोऱ्यांतून आरागोन प्रांतास समुद्राशीं जोडावें, हा बेत एकोणिसाव्या शतकांतला. व्हाल दे साफान नांवानें ओळखला जाणारा हा मार्ग १८९५ सालीं आल्कान्यिसपर्यंत आला आणि तेथें पैशाअभावीं रखडला. जवळच ओर्ता दे सान्त होआन नांवाचें डोंगरी गांव आहे. पिकासो हा १८९८ सालीं, कोंवळ्या वयांत आजारांतून उठल्यावर, हवापालटासाठीं त्या गांवीं जाऊन राहिला होता. तेव्हां तेथें गाडी नव्हती, आणि पुढेंही चाळीस वर्षें ती आली नाहीं. लोकांनीं अर्ज केले, पुढाऱ्यांनीं आश्वासनें दिलीं, बोगदे थोडे थोडे पुढें सरकले. शांततेच्या काळांत शेतकऱ्यासाठीं जें काम होऊं शकलें नाहीं तें यादवी युद्धांत सैन्यासाठीं घाईनें पुढें रेटलें गेलें. १९३८ च्या जुलैपासून नोव्हेंबरपर्यंत याच टापूंत एब्रोची घनघोर लढाई झाली. जवळच्या कोर्बेरा गांवाचा जुना भाग तेव्हां जो उद्ध्वस्त झाला तो आजही भग्नावस्थेंतच राखून ठेवला आहे. अखेर १९४१ च्या सुमारास गाडी तोर्तोसापर्यंत पोहोंचली. ती जेमतेम तीस वर्षें चालली. १९७३ सालीं एक बोगदा ढांसळला आणि त्याची दुरुस्ती करण्याऐवजीं मार्गच बंद करण्यांत आला. ज्या गाडीसाठीं दोन पिढ्यांनीं वाट पाहिली ती एका दरडीचें निमित्त होऊन गेली.

परंतु या सर्वांत विलक्षण हकीकत चौथ्या वाटेची. काडिस व सेव्हिया या प्रांतांच्या डोंगरांत ओल्वेरा व पुएर्तो सेर्रानो या दोन गांवांमध्यें सुमारें छत्तीस किलोमीटरांची एक हिरवी वाट आहे. तिच्यावर तीस बोगदे व चार मोठे पूल आहेत, ठिकठिकाणीं स्टेशनाच्या इमारती आहेत. नाहीं ती एकच गोष्ट, आगगाडीची आठवण. या वाटेवरून एकही उतारू कधीं गाडींत बसून गेला नाहीं. जनरल प्रीमो दे रिवेरा याच्या हुकूमशाहीच्या काळांत, १९२६ सालीं, तातडीनें बांधावयाच्या लोहमार्गांची एक मोठी योजना जाहीर झाली. हेरेस ते आल्मार्हेन हा मार्ग तींत होता. दरिद्री डोंगराळ मुलखांतील हजारों हातांना काम मिळालें, सुरुंग उडाले, स्टेशनें उभीं राहिलीं. १९३० सालीं हुकूमशहा गेला, पैसा आटला, १९३६ सालीं यादवी पेटली. आणि रूळ पडावयाचे राहिले ते राहिलेच. आधीं कळस मग पाया म्हणतात तशी अवस्था! बोगद्यांतून मेंढपाळ येजा करूं लागले, स्टेशनांत गुरें बांधलीं गेलीं, आणि साफ्रामागोनच्या प्रचंड सुळक्यावर गिधाडांची मोठी वसाहत निर्धास्तपणें नांदत राहिली. आज त्या वसाहतीचें दर्शन हें या वाटेचें एक मोठें आकर्षण आहे, आणि त्या स्टेशनांपैकीं कित्येकांत प्रवाशांसाठीं खाणावळी व विश्रांतिगृहें चालतात. तिकीट न विकलेल्या खिडक्यांचें नशीब असें सत्तर वर्षांनीं उघडलें.

या चार वाटांचा शेवट निरनिराळ्या वर्षीं व निरनिराळ्या कारणांनीं झाला. परंतु स्पेनच्या ग्रामीण लोहमार्गांवरचा एकत्रित घाव पडला तो १९८५ च्या पहिल्या दिवशीं. १९४१ पासून मुख्य रुंदीचे सर्व लोहमार्ग सरकारी संस्थेकडे आले होते. त्यांतील अत्यंत तोट्याचे मार्ग बंद करण्याचें सरकारनें १९८४ सालीं ठरविलें आणि नववर्षाच्या दिवशीं शेंकडों किलोमीटर मार्गांवरची उतारूंची वाहतूक एकदम थांबली. हिशेबाच्या वहींत हा निर्णय बिनचूक होता. पण ज्या गांवांतून दवाखान्यास, बाजारास, शाळेस जाण्याचें स्वस्त साधन तेवढेंच होतें, त्यांची नोंद त्या वहींत कोणत्या सदरीं होती?

रूळ भंगारांत गेले. उरल्या त्या जमिनीच्या चिंचोळ्या, लांबच लांब पट्ट्या. अशा पट्टीची किंमत बाजारांत जवळजवळ शून्य. शेताला ती अरुंद, घराला ती गैरसोयीची. तिची खरी किंमत तिच्या अखंडपणांत. मध्यें एक एकर विकला कीं मागचे पुढचे शंभर किलोमीटर निरुपयोगी झालेच. मेंढवाटांचा धडा येथें उपयोगी पडला असें आम्हांस वाटतें. १९९३ सालीं केंद्रीय सरकारच्या खात्यानें व रेल्वेसंस्थांनीं मिळून पडीक लोहमार्गांची मोजणी केली, तेव्हां पांच हजार किलोमीटरांहून अधिक लांबी, पांचशेंहून अधिक बोगदे व हजाराहून अधिक पूल असे निरुपयोगी होऊन पडलेले आढळले. त्यांचें रूपांतर पायीं व सायकलीनें जाणाऱ्यांच्या वाटांत करावें अशी योजना त्याच वर्षीं निघाली आणि स्पॅनिश रेल्वे प्रतिष्ठानानें तिच्या समन्वयाचें काम हातीं घेतलें. खर्चाचा वांटा केंद्र, प्रांत, नगरपालिका व युरोपीय संघ यांनीं उचलला. खडीवर मुरूम दाबला, पुलांना कठडे बसविले, बोगद्यांत दिवे लावले. नवा रस्ता बांधण्याच्या मानानें हा खर्च अल्प. कारण खरा खर्च, डोंगर फोडण्याचा, आजोबांच्या पिढीनें आधींच करून ठेवला होता.

येथवरची हकीकत ऐकून कोणासही वाटेल कीं शेवट गोड झाला. पडीक वस्तूचा उपयोग झाला, खेड्यांत चार पैसे आले, निसर्ग राखला गेला. आणखी काय पाहिजे? परंतु ओहोस नेग्रोसच्या वाटेनें जाणारा सायकलस्वार ज्या तेरुएल प्रांतांतून जातो तेथील लोकांस हा प्रश्न विचारून पाहावा. १९०० सालीं त्या प्रांताची वस्ती अडीच लाखांच्या घरांत होती. आज ती दीड लाखाहूनही कमी आहे. दारें बंद, शाळा बंद, चौकांतल्या बांकावर चार वृद्ध, अशी गांवें त्या पठारावर पुष्कळ आहेत. १९९९ सालीं तेथील नागरिकांनीं ‘तेरुएल अस्तित्वांत आहे’ अशा अर्थाचें नांव घेऊन एक चळवळ उभी केली. बरे रस्ते, बरे दवाखाने आणि बरी आगगाडी, एवढ्याच तिच्या साध्या मागण्या. २०१९ सालीं या चळवळीनें आपला एक प्रतिनिधि माद्रिदच्या लोकसभेंतही निवडून पाठविला. ज्या प्रांतांत मेलेल्या लोहमार्गाचें पर्यटनस्थळ झालें त्याच प्रांताला जिवंत लोहमार्गासाठीं आपण अस्तित्वांत आहों असें ओरडून सांगावें लागावें, हा या इतिहासांतला सर्वांत बोचणारा विरोध आहे.

सायकलस्वाराचा यांत दोष नाहीं. त्यानें गाडी बंद केली नाहीं. उलट त्याच्यामुळें कांहीं खाणावळींच्या चुली पुन्हां पेटल्या. परंतु प्रवासी ऋतूपुरता येतो, गांवांतल्या म्हातारीला दवाखाना बारा महिने लागतो. एकानें दुसऱ्याची जागा भरून काढली असें समजणें ही आत्मवंचना होय. हिरवी वाट हें मृत्यूनंतरचें उत्तम स्मारक आहे. स्मारक चांगलें बांधतां येतें म्हणून माणसास मरूं द्यावें असें कोणी म्हणणार नाहीं. या योजनेचे पुरस्कर्तेही ही मर्यादा जाणतात असें दिसतें. वाट कायम राहिली तर जमीन एका हातीं राहते, आणि कधीं काळीं गरज पडल्यास रूळ पुन्हां घालतां येतील, हा या योजनेच्या बाजूचा एक मोठा आधार आहे. विकलेली पट्टी परत मिळत नाहीं. राखलेली पट्टी निदान वाट पाहूं शकते.

हाच प्रश्न भूमध्य समुद्राच्या दुसऱ्या एका कोपऱ्यांत निराळ्या रूपानें दिसतो, आणि तेथें महाराष्ट्रीय वाचकास एक ओळखीची खूण सांपडेल. एड्रिआटिक समुद्राच्या शिरोभागीं इस्त्रिया नांवाचें द्वीपकल्प आहे. ऑस्ट्रियाच्या साम्राज्यानें १९०२ सालीं त्रिएस्ते बंदरापासून पोरेचपर्यंत एकशें तेवीस किलोमीटरांचा चिमुकला लोहमार्ग बांधला. पोरेचच्या ‘पारेन्सो’ या इटालियन नांवावरून त्यास पारेन्साना म्हणत. त्याची रुंदी सातशें साठ मिलिमीटर. आमच्या कुर्डुवाडी-बार्शीच्या लाइट रेल्वेची रुंदी अडीच फूट, म्हणजे सातशें बासष्ट मिलिमीटर. ती एव्हरार्ड कॅलथ्रॉप यानें १८९७ सालीं सुरू केली. गरीब, डोंगराळ किंवा दूरच्या मुलखाला मोठी गाडी परवडत नसेल तर लहान गाडी द्यावी, हा दोहोंच्या मुळाशीं असलेला विचार एकच. पारेन्साना मोटारबसच्या स्पर्धेपुढें टिकली नाहीं. पहिल्या महायुद्धानंतर तो प्रदेश इटलीकडे गेला होता, आणि १९३५ सालीं इटलीच्या अमलांतच ती बंद झाली. आज तिची वाट इटली, स्लोव्हेनिया व क्रोएशिया या तीन देशांतून जाते आणि एका साम्राज्याची रेषा तीन राष्ट्रांच्या सायकलस्वारांच्या कामीं येते. बार्शीच्या गाडीचें दैव अधिक बलवत्तर निघालें. पंढरीचे वारकरी व सोलापूर-लातूरकडचा शेतमाल यांनीं तिला जगविलें आणि कालांतरानें तेथें मोठ्या मापाचे रूळ आले. जी गाडी लोकांना हवी आहे ती राखणें, हाच लोहमार्गाचा खरा सन्मान. परंतु ज्या ज्या ठिकाणीं रूळ उखडले जातात, किंवा मार्ग सरळ करतांना जुना बांध टाकून दिला जातो, तेथें त्या पट्टीचे तुकडे होण्यापूर्वीं कोणी तरी स्पेनकडे एकदां दृष्टि टाकावी एवढें सुचविल्यावांचून आम्हांस राहवत नाहीं.

इतिहासाच्या अभ्यासकाला या वाटा एक गोष्ट शिकवितात. जें बांधलें जातें त्याचा उपयोग बांधणाऱ्याच्या इच्छेनें ठरत नाहीं. सोताला माती न्यावयाची होती, प्रीमो दे रिवेराला कीर्ति हवी होती, सेनापतींना तोफा पोंचवावयाच्या होत्या. त्यांपैकीं कोणाचाही हेतु उरला नाहीं. उरला तो बोगदे खणणाऱ्या मजुराचा घाम. तो मात्र एका कणानेंही वायां गेला नाहीं, कारण त्या सौम्य चढाचें सुख आजही प्रत्येक येणाऱ्याजाणाऱ्यास मिळतें. त्या मजुरांचीं नांवें कोणत्याही स्टेशनावर कोरलेलीं नाहींत. ओल्वेऱ्याच्या वाटेवर बोगद्यांतून बाहेर पडणाऱ्या प्रवाशानें गिधाडांकडे पाहण्यापूर्वीं क्षणभर थांबून मागच्या कमानीचे दगड पाहिले, तर त्या अनाम हातांचा थोडा तरी उतराई तो होईल.